अपमृत्यू घडलेले घर: घ्यावे का, आणि विकताना काय सांगावे?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातले चिऱ्यांचे जुने कौलारू घर विकायला निघाले आहे. दोन वर्षांपूर्वी घरातल्या कर्त्या पुरुषाने त्याच घरात आत्महत्या केली. त्याचे खनिज वाहणारे दोन ट्रक होते, खाणी बंद झाल्यावर कर्ज वाढत गेले. पत्नी दोन लहान मुलांना घेऊन सावंतवाडीला माहेरी गेली, तेव्हापासून दाराला कुलूप आहे. आईवडील आधीच वारलेले, एक बहीण पेडण्यात दिलेली. विकणारा धाकटा भाऊ. तो ६० लाख सांगतो. शेजारची तशीच घरे ८० लाखांच्या खाली मिळत नाहीत. विचारणाऱ्या गृहस्थांचा बेत असा, की घर घेऊन दुरुस्त करावे आणि दोन-अडीच वर्षांनी मुंबई-दिल्लीच्या गिऱ्हाइकाला विकावे. ‘भुताखेतांवर माझा विश्वास नाही, मग घ्यायला हरकत काय?’ असे ते विचारतात.

मी फोंड्याला राहतो. गेली चोवीस वर्षे जुनी घरे घेऊन, दुरुस्त करून विकतो. अपमृत्यू किंवा खून झालेली सात घरे माझ्या हातून गेली. त्यांतला एकही व्यवहार भुतामुळे अडला नाही. दोन सह्यांसाठी अडले, एक गहाणामुळे अडला, आणि एकात मी स्वतः गप्प राहिलो म्हणून एका कुटुंबाला फार त्रास झाला. हे सगळे तुमच्याही घराच्या वाटेवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या २० लाखांचे बघू. मृत्यू झाला म्हणून भाव उतरला, असे तुम्ही धरून चालला आहात. मी तसे धरणार नाही. मयताचे ट्रक होते, एवढ्यावरून मला पहिली शंका कर्जाची येते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत ट्रकवाल्यांनी हप्ते फेडायला घराचे कागद पतसंस्थेत ठेवले, काहींनी खासगी सावकाराकडे ठेवले. कागद ठेवून केलेले असे गहाण सब-रजिस्ट्रारच्या निल एन्कम्ब्रन्स, म्हणजे बोजा नसल्याच्या दाखल्यात दिसेलच असे नाही. म्हणून धाकट्या भावाला पहिल्याच भेटीत सांगा, ‘मूळ कागद दाखवा.’ त्याने झेरॉक्स पुढे केली तर मूळ कागद कुठे आहेत ते विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचे काही बोलू नका. बँकांच्या गहाणांची नोंद सरसाई या केंद्रीय नोंदवहीत होते, थोडी फी भरून कोणालाही शोध घेता येतो. तो घ्याच. आणि गावातल्या, तालुक्यातल्या पतसंस्थांत स्वतः जाऊन विचारा. मयताचे कर्ज त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते, आणि तो माणूस गेला तरी घर उभे आहे हे कर्ज देणाऱ्यालाही दिसते.

पोलिसांच्या कागदाकडेही बघा. असा मृत्यू झाला की अनैसर्गिक मृत्यूची नोंद आणि पंचनामा होतो. जुलै २०२४ पूर्वीचे प्रकरण असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, नंतरचे असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. चौकशी बंद झाली का, ते कुटुंबाकडून लेखी मागा. आत्महत्येस प्रवृत्त केल्याची तक्रार कोणी कोणाविरुद्ध केली आहे का, हे त्याहून महत्त्वाचे. पत्नीच्या माहेरच्यांनी दिरावर तक्रार केली असेल, तर त्या दोन घरांना तुम्ही एका विक्रीखतावर आणू शकणार नाही. निदान इतक्यात नाही.

आता सह्या. गोव्याबाहेरचे लोक इथेच फसतात, आणि कायदा माहीत असलेले गोंयकारही ‘सगळे घरातलेच आहेत’ म्हणून दुर्लक्ष करतात. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने आपल्याकडे लग्न झाले की नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. लग्नाआधी वेगळा करार केला असेल तरच त्याला अपवाद. वडिलांकडून आलेला हिस्साही त्यात आला. मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तीन भावंडे, म्हणजे प्रत्येकाचा एक तृतीयांश. मयताच्या तृतीयांशातला अर्धा त्याच्या पत्नीचा स्वतःचा. उरलेल्या अर्ध्यात दोन्ही मुले. म्हणजे तुमच्याशी भाव ठरवणारा भाऊ आणि त्याची बायको मिळून घराच्या एका तृतीयांशाचे मालक आहेत. बाकीचे दोन तृतीयांश तुम्ही अजून पाहिलेही नसलेल्या माणसांचे.

विक्रीखतावर भाऊ, त्याची बायको, पेडण्याची बहीण, तिचा नवरा आणि सावंतवाडीची वहिनी एवढ्या सह्या लागतील. मुले अठराच्या आतली, म्हणून त्यांच्या हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगी. ती न घेता पुढे गेलात तर मुले सज्ञान झाल्यावर व्यवहाराला आव्हान देऊ शकतात, आणि तोवर घर तुम्ही तिसऱ्याला विकलेले असेल. त्याआधी आईवडिलांचा आणि मयताचा, दोन्ही पिढ्यांचा वारसाहक्काचा दस्त विशेष नोटरीसमोर झालेला असला पाहिजे. भावंडांचे पटत नसेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणीचा दावा, घालावी लागते. २०१२ चा गोवा वारसाहक्क कायदा त्याची सगळी रीत सांगतो. त्यात वारसांमध्येच बोली लागून घर एकाच्या नावावर जाऊ शकते. वेळ जातो, पण निघणारा हुकूम पक्का असतो. ‘तूर्त माझा हिस्सा तेवढा घ्या, बाकीचे मागाहून बघू’ असे भाऊ म्हणाला तर नको म्हणा. अविभक्त हिस्सा परक्याला विकताना इतर हिस्सेदारांना आधी विचारावे लागते, आणि ते कोर्टात आले की तुम्ही एका घराच्या तिसऱ्या भागाचे मालक होऊन बसता.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात फोंडा तालुक्यातच एक घर घेतले. दोन भाऊ, दोन भावजया, एक बहीण, सगळ्यांच्या सह्या झाल्या. बहिणीचा नवरा आखातात होता. वकील म्हणाला, मागाहून घेऊ. तो आला, बायकोशी बिनसले होते, सही करीना. चार पावसाळे मी त्या घराचे छप्पर स्वतःच्या पैशाने शाकारले आणि घर विकू शकलो नाही. त्याचा हिस्सा केवढा होता, हे आता सांगायलाही नको. तेव्हापासून परदेशातल्या वारसाचे मुखत्यारपत्र आपल्या दूतावासातून साक्षांकित होऊन हातात येईपर्यंत मी इसाराची रक्कमही देत नाही.

वहिनीकडे भावाला पुढे घालून जाऊ नका. वकिलाची नोटीसही आधी पाठवू नका. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागेलच, ती सिंधुदुर्ग आवृत्तीतही द्या, म्हणजे तिला कळलेच नाही असे होणार नाही. पण त्याआधी तिला भेटा, तिच्या वडीलधाऱ्यांसमोर. अशा एका भेटीची आठवण मला आजही होते. घर पेडण्याकडचे. भाव ठरला होता, सह्यांवर सगळे राजी होते, फक्त मयताची पत्नी काही केल्या तारीख देत नव्हती. सगळ्यांना वाटले, जास्त पैसे हवेत. मी गेलो. तिने चहा दिला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माटोळी तिथेच राहिली हो.’

घर उघडून पाहिले. मधल्या खोलीत गणपतीच्या जागेच्या वर माटोळीची, म्हणजे चवथीला रानफळे बांधून सजवायची, लाकडी चौकट तशीच टांगलेली होती. त्या वर्षीची चवथ झाली आणि आठवड्याभरात तो गेला, कोणी काही सोडलेच नव्हते. सुंभाच्या गाठी घट्ट होत्या, सुपारीची शिपटी वाळून काळी पडली होती, कांगल्यांची फळे बोटांत धरताच चुरा झाली. चौकट सासूच्या सासऱ्यापासूनची, फणसाच्या लाकडाची. आम्ही गाठी कापल्या नाहीत, एकेक सोडवली. टेंपोत घालून चौकट तिच्या माहेरी पोचती केली. पुढच्या सोमवारी ती मामलेदार कचेरीच्या आवारात माझ्याआधी येऊन उभी होती.

पैशाचेही तसेच. तिचा हिस्सा तिच्या स्वतःच्या खात्यात, मुलांचा मुलांच्या नावे. दिराच्या हातात रोख देऊन ‘तुम्ही वाटून घ्या’ म्हणू नका. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्यात तसेही चालत नाही. आणि एक विनंती. भाव कमी करायला त्या मृत्यूचा उल्लेख तिच्यासमोर करू नका. छपरावरून घासाघीस करा, कागदांवरून करा, रस्त्यावरून करा. त्या बाईच्या नवऱ्याच्या जाण्याला सूट मागायचे साधन करू नये, असे मला मनापासून वाटते.

जमिनीच्या कागदांचे थोडक्यात. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा घ्या आणि फक्त कब्जेदाराचे नाव वाचून थांबू नका. कुळाचा रकाना आणि ‘इतर हक्क’ हा रकाना बघा. आवारात मुंडकाराचे, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने तिथे राहत आलेल्या माणसाचे, घर असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला तिथून हलवता येत नाही, आणि आपले घर व त्याखालची जागा विकत घेण्याचा त्याला हक्क आहे. जुना पोर्तुगीज नोंदणीचा दाखला काढून मालकीची साखळी जुळते का ते वकिलाकडून तपासून घ्या. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. मागे भातशेती लागून असेल तर ती वेगळी काढा, २०२३ च्या कायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला देण्यावर बंधन आले आहे. २०२२ मध्ये जमिनी हडपण्याच्या तक्रारींसाठी सरकारला पोलिसांचे खास पथक नेमावे लागले. मेलेल्या आणि परदेशी गेलेल्या मालकांच्या नावाने खोटे दस्त झाले होते. बंद घर, पांगलेले वारस, गावात कोणी बघणारे नाही, असेच घर अशा लोकांना सापडते. म्हणून दाखल्याच्या प्रती विकणाऱ्याकडून घेऊ नका, कचेरीतून स्वतः काढा.

गावात कोणाला विचारावे, असे मला नवे लोक विचारतात. पंच आणि दलाल सांगतील ते सगळे ऐका, पण पोदेराला विचारा. सकाळी हॉर्न वाजवत दारोदार पाव घालणाऱ्या माणसाला कुठले घर कधी उधारीवर आले, कुठे भांडणे होती, कोण कधी घर सोडून गेले, हे माहीत असते. तो उगाच रंगवून सांगत नाही, कारण त्याला उद्या परत त्याच दारावर जायचे असते.

घराची तपासणी जुलैत करा. मे महिन्यात प्रत्येक कौलारू घर सुंदर दिसते. दोन पावसाळे बंद राहिलेल्या घरात एक कौल सरकले असेल तर तेवढ्यातून वाशाचे टोक कुजते, रीप जाते, मग कौलांची ओळच खाली बसते. वाशांना टोकदार पहार टोचून बघा, वरून धड दिसणारा वासा आतून भुसा झालेला असतो. मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा थापण्याची घाई करू नका. ओल आत कोंडते आणि दोन वर्षांत रंगासकट पोपडे धरतात. चुन्याचा गिलावा महाग पडतो, पण तोच टिकतो. आणि बंद घरात रोयण, म्हणजे वारूळ, उठली असेल तर कामगाराला कुदळ मारायला सांगू नका. आपल्याकडे सातेरी देवी त्याच रूपात पुजली जाते. सत्तरीतल्या एका घरात मला कमरेएवढी रोयण मिळाली. शेजारच्या आजी रोज दाराच्या फटीतून हात घालून तिला हळदकुंकू लावत. मी ती खोली घरापासून वेगळी करून बाहेरून दार दिले, बाकीच्या लाकडाला वाळवीचे औषध मारून घेतले आणि त्या खोलीची किंमत हिशेबात धरली नाही.

तुमचा विश्वास नाही, हे ठीक. पण घर तुमच्या एकट्याचे राहणार नाही. तिथे सुतार येईल, गवंडी येईल, उद्या गिऱ्हाईक येईल. उदकशांत, वास्तुशांत आधीच करून घ्या, गावच्याच भटजींकडून, आणि त्या दिवशी वाड्यावरच्यांना व मयताच्या नातेवाइकांना जेवायला बोलवा. राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, गावाच्या रीतीने नारळ ठेवा. वारसांपैकी कोणाला देवाचा कौल घ्यायचा असेल तर अडवू नका, उलट गाडी द्या. मी पाहिले आहे, देवळात उजवा कौल झाला की वर्षभर रेंगाळलेली बहीण आठवड्यात सहीला तयार होते. तिला पैशापेक्षा परवानगी हवी असते. मात्र कोणी घाडी, म्हणजे मांत्रिक, ‘इतके हजार दिल्याशिवाय घर मोकळे होणार नाही’ म्हणाला, तर तिथे ठाम नाही म्हणा.

आता तुमच्या आकड्यांवर हिशेब मांडतो. ६० लाख घर, मुद्रांक, नोंदणी, वकील आणि सर्व्हेअर यांना ५ लाख धरा. दोन वर्षे बंद असलेल्या घराचे छप्पर, वायरिंग, न्हाणीघर, गिलावा, कुंपण मिळून १८ लाख. झाले ८३. यांतले घराचे आणि कागदांचे ६५ लाख अडीच वर्षे बँकेत ठेवले असते तर १० लाखांच्या आसपास व्याज मिळाले असते, ते विसरून चालणार नाही. म्हणजे ९३. दुरुस्त केलेले असे घर एक कोटीला जाईल असे धरू. पण इतिहास सांगून विकायचे तर गिऱ्हाईक ५ ते १० लाख कमी करतेच, हा माझा अनुभव. शिवाय जुन्या घराला कंप्लिशनचे कागद नसतात, उताऱ्यावर चार नावे असतात, म्हणून बँका कर्जाला नाखूष असतात आणि स्वतःचे पैसे मोजणाराच तुमचा गिऱ्हाईक उरतो. तो भाव पाडूनच मागतो. हातात काय राहिले?

त्यावर कर आहे. २४ महिन्यांच्या आत विकलेत तर नफा तुमच्या उत्पन्नात मिसळून नेहमीच्या दराने कर, त्यानंतर विकलेत तर १२.५ टक्के. दुरुस्तीचा खर्च बिले असतील तरच वजा होतो, म्हणून वाळूच्या खेपेचीही पावती ठेवा. आपल्याकडच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे असा नफा नवरा-बायकोत निम्मा-निम्मा दाखवता येतो, गोव्याबाहेरच्या सीएला हे कित्येकदा माहीत नसते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की घेणाऱ्याने १ टक्का कर कापून भरायचा. वारसांपैकी कोणी अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावरची कपात बरीच जास्त आणि तिची रीत वेगळी. तो हिशेब टोकन देण्याआधी करून घ्या.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ६० लाखांत हे घर स्वतः राहण्यासाठी चांगले आहे, विकण्यासाठी नाही. विकायचेच असेल तर ५० ते ५२ लाखांच्या वर जाऊ नका. वारस त्याला तयार नसतील तर नमस्कार करून बाहेर पडा. त्या कुटुंबाला खरोखर राहायला येणारे कोणी भेटले तर त्यांचेही बरे होईल.

आणि घेतलेत, दुरुस्त केलेत, तर विकताना सांगायचे का? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते, की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न कळणारा महत्त्वाचा दोष, मालमत्तेतला असो की हक्कातला, त्याने सांगितला पाहिजे. घरातला मृत्यू त्यात येतो का, यावर वकील वाद घालतील, कारण मृत्यूचे नाव घेऊन असे बंधन घालणारे कलम आपल्याकडे नाही. मीही एकदा याच आधारावर गप्प बसलो होतो. गिऱ्हाईक बाहेरचे, घर आवडले, व्यवहार झाला. पहिल्याच चवथीला त्यांच्या आईने हौसेने गणपती आणायचे ठरवले. शेजारीण मदतीला आली आणि बोलता बोलता सगळे सांगून गेली. त्या म्हाताऱ्या बाई त्या रात्री घरात झोपल्या नाहीत. गाडीत बसून राहिल्या. मुलाचा मला फोन आला तेव्हा तो ओरडला नाही. ‘तुम्हाला माहीत होते का?’ एवढेच विचारले. मी हो म्हणालो. घर मी परत घेतले, शुल्काचे पैसेही माझ्या अंगावर घेतले. त्यांनी नवीन लावलेले पडदे तसेच सोडून दिले होते.

आता मी दुसऱ्या भेटीत सांगतो. पहिल्या भेटीत नाही, कारण तेव्हा माणूस फक्त बघायला आलेला असतो. टोकन घेण्याआधी मात्र नक्की. कोण गेले, साधारण कधी, चौकशी संपली आहे, एवढेच. कसे गेले, कुठल्या खोलीत, हे विचारले तरच, आणि तेही कमीत कमी शब्दांत. त्या माणसाची मुले अजून शाळेत जात आहेत. मग करारात दोन ओळी घालतो, की हे घेणाऱ्याला सांगितले आहे आणि त्याने ते समजून घेतले आहे. मुंबई-दिल्लीचा गिऱ्हाईक ‘आम्ही हे मानत नाही’ म्हणतो. त्याला सांगतो, घरी जाऊन आईवडिलांशी, बायकोशी बोला, आठ दिवसांनी फोन करा. काही जण फोन करत नाहीत. जे करतात ते पुन्हा मागे फिरत नाहीत.

तुम्ही भावाला इसार देऊ नका, अजून काही ठरवूही नका. मूळ कागदांचे विचारा. मग एखाद्या रविवारी सावंतवाडीला जा, वहिनीला भेटा, आणि भावाचे बोलणे काढण्याआधी तिला विचारा, त्या घरातले काही आणून द्यायचे आहे का.